कापणाऱ्या हाताची अहिंसा

भिवंडीत, नारपोलीत किंवा अंजूरफाट्याच्या बाजूला, लूमवर काम करणाऱ्या माणसाला अन्ननलिकेचा कॅन्सर होतो, तेव्हा तो पहिल्यांदा भाकरी सोडतो. कोरडा घास छातीच्या मध्यावर अडकतो, म्हणून पाण्याच्या घोटाबरोबर ढकलतो. मग भाकरी रश्शात कुस्करून खाल्ली जाते. मग मऊ भात, मग पेज, शेवटी चहात बुडवलेला पाव. घरच्यांना वाटतं पित्त असेल, ॲसिडिटी असेल. अन्ननलिका ताणली जाणारी नळी आहे. आतली वाट बरीच अरुंद झाल्याशिवाय घास अडकतच नाही, आणि अडकू लागल्यावरही माणूस आपलं जेवण बदलत बदलत काही महिने काढतो. तंबाखू, बिडी, दारू आणि सुपारी ही या रोगाची ओळखीची कारणं. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे, तरी पुड्या मिळायच्या थांबलेल्या नाहीत. वजन उतरतं, कंबरेची पँट सैल होते, आणि मग कुणीतरी म्हणतं, परळला दाखवून या.

परळ म्हणजे टाटा. दोराबजी टाटांच्या पत्नी मेहेरबाई १९३१ मध्ये रक्ताच्या कॅन्सरनं गेल्या. त्यानंतर दोराबजी टाटा ट्रस्टनं उभारलेलं हे रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सुरू झालं. १९६२ पासून ते केंद्र सरकारच्या अणुऊर्जा विभागाकडे आहे. तिथे तपासण्या होतात, बहुतेकांना आधी केमो किंवा केमोबरोबर रेडिएशन दिलं जातं, आणि ज्यांचा रोग काढता येण्यासारखा असतो त्यांच्या नातेवाइकांना एक दिवस ऑपरेशनची कल्पना दिली जाते: अन्ननलिका जवळपास सगळी काढावी लागेल, जठराची नळी करून ती गळ्यापर्यंत वर न्यावी लागेल. नातेवाईक ऐकून घेतात आणि विचारतात, “पण दुर्बिणीतून होईल ना?”

हा प्रश्न पैशांचा आहे, भीतीचा आहे, आणि त्याच्या तळाशी धर्माचाही आहे. शरीर जितकं कमी फाडाल तितकी इजा कमी, इतकी साधी समजूत त्यामागे आहे. शरीराला शस्त्र लावणं हे मुळात बरं नाही, लावायचंच तर थोडं लावा, ही भावना आपल्याकडे फार जुनी आहे आणि ती चुकीची म्हणून झटकून टाकण्यासारखी नाही. ज्ञानेश्वरांनी ती फार तीव्रतेनं मांडली होती.

शके १२१२, म्हणजे इसवी सन १२९० मध्ये नेवाशाला सांगितलेल्या ज्ञानेश्वरीच्या तेराव्या अध्यायात गीतेतला एकच शब्द, अहिंसा, त्यांनी पुष्कळ ओव्यांमध्ये उलगडला आहे. आधी ते अहिंसेच्या नावाखाली चालणाऱ्या हिंसेचा समाचार घेतात. यज्ञातल्या पशुबळींबद्दल बोलतात, आणि तिथेच थेट आयुर्वेदाकडे वळतात. एका जिवासाठी दुसऱ्या जिवाचा घात करायचा, हाच या शास्त्राचा रस्ता नव्हे का? कुणाची मुळं खणली, कुणाची साल सोलली, कुणाला मारून, शिजवून औषध केलं. रोग्याची वेदना पाहवली नाही म्हणून वैद्य धावला हे खरं, पण त्याच्या दयेची किंमत भलत्याच कुणीतरी मोजली. तेराव्या शतकातला एक तरुण, एका संन्याशाचा मुलगा, वैद्यकाला हा प्रश्न विचारतो, आणि सातशे वर्षांनंतरही त्याचं समाधानकारक उत्तर कुणाकडे तयार नाही.

यानंतर ज्ञानेश्वर खऱ्या अहिंसकाचं वर्णन करतात, आणि इथे त्यांची प्रतिभा शरीराकडे वळते. अहिंसा मनात असते हे ते मान्य करतात, पण तेवढ्यावर थांबत नाहीत. ती मनातून पावलांत, नजरेत, वाणीत आणि हातांत उतरली पाहिजे. हा माणूस चालतो तो पायाखाली जीव असेल या काळजीनं. आई आपल्या पिल्लाला तोंडात धरून नेते तेव्हा दातांची टोकं त्याला लागतात तशी, म्हणजे लागूनही न लागल्यासारखी, त्याची पावलं पडतात. आणि हात? ते जोडायला आहेत, अभय द्यायला आहेत, आर्ताला हळुवार कुरवाळायला आहेत. दात तेच, पण त्यांची धार कुठे थांबवायची हे त्या आईला माहीत असतं. शस्त्रक्रियेचा सगळा धर्म या एका दृष्टांतात मावतो, जरी ज्ञानेश्वरांच्या मनात शस्त्रक्रिया नव्हती.

त्यांच्यानंतर सुमारे सहा शतकांनी हाच प्रश्न महाराष्ट्रात एका ऑपरेशनच्या टेबलावर आला. गांधीजींनी १९०९ च्या ‘हिंद स्वराज’मध्ये डॉक्टर आणि रुग्णालयांवर कठोर टीका केली होती. १२ जानेवारी १९२४ च्या रात्री, येरवड्याच्या तुरुंगातून पुण्याच्या ससून रुग्णालयात आणून, कर्नल मॅडॉक यांनी त्याच गांधीजींचं अपेंडिक्स काढलं. ऑपरेशन चालू असताना वीज गेली आणि कंदिलाच्या उजेडात काम पुरं करावं लागलं. चार वर्षांनी, १९२८ मध्ये, साबरमती आश्रमातलं एक वासरू असह्य वेदनेनं तडफडत होतं. ते वाचण्यासारखं नाही म्हटल्यावर त्याला इंजेक्शन देऊन मारायला गांधीजींनी संमती दिली. देशभर वादळ उठलं, जैन आणि वैष्णव वाचकांची रागावलेली पत्रं आली. उत्तर देताना गांधीजींनी दाखला दिला तो शल्यविशारदाचा: तो सुरी चालवतो तेव्हा हिंसा करत नाही, उलट शुद्ध अहिंसाच आचरतो. कारण त्याचा हेतू दुसऱ्याची वेदना दूर करण्याचा असतो.

हेतू शुद्ध असला की कृती अहिंसक, असा या युक्तिवादाचा सारांश. तो उदात्त आहे, पण अन्ननलिकेच्या ऑपरेशनपुढे ठेवला की अपुरा पडतो. छातीच्या आत मिलिमीटरभर चुकलेला हात शुद्ध हेतूचा असू शकतो. रुग्णाचा आवाज मात्र त्यानं कायमचा गेलेला असेल. जैनांच्या दशवैकालिक सूत्रात या बाबतीत जास्त कडक भूमिका आहे: आधी ज्ञान, मग दया. जीव कुठे आहे हेच ज्याला ठाऊक नाही तो त्याच्यावर दया करणार कशी? भिवंडीच्या देरासरात पाणी गाळून पिणाऱ्या श्रावकाला हे सांगावं लागत नाही. पाण्यात जीव आहे हे ज्ञान आधी, गाळण्याचं फडकं नंतर. शल्यशास्त्रात या ज्ञानाला शरीररचना म्हणतात, आणि अन्ननलिकेइतकी अवघड शरीररचना क्वचित दुसऱ्या अवयवाची असेल.

ती थोडी सविस्तर पाहायला हवी, कारण सगळा प्रश्न तिच्यातच दडलेला आहे.

अन्ननलिका सुमारे २५ सेंटिमीटर लांब असते. गळ्यात सुरू होते, छातीच्या पार मागच्या बाजूनं मणक्यांना धरून उतरते, आणि श्वासपटलातल्या छिद्रातून पोटात शिरून जठराला मिळते. वाटेत तिला शेजार फार मोठा आहे. पुढे श्वासनलिका, तिची मागची भिंत कूर्चा नसलेली, मऊ आणि पातळ. थोडं खाली डाव्या फुप्फुसाकडे जाणारी तिची शाखा, त्याखाली हृदयाचा डावा वरचा कप्पा. डावीकडे महाधमनी, जिच्यातून शरीराचं सगळं रक्त वाहतं. उजवीकडे मात्र एकच मोठी अडचण आहे: अझायगस नावाची शीर, जी मणक्यांच्या बाजूनं वर येते आणि कमान घेऊन पुढच्या महाशिरेला मिळते. ही शीर बांधून कापता येते आणि माणसाचं काही बिघडत नाही. म्हणून सर्जन छातीच्या मधल्या भागात शिरतो तो उजव्या बाजूनं. डावीकडून गेलं तर महाधमनीची कमान वाट अडवून बसलेली असते.

आतड्यांना बाहेरून जसं गुळगुळीत आवरण असतं तसं अन्ननलिकेला नाही. म्हणून गाठ वाढली की थेट शेजाऱ्याला चिकटते. दुसरी अडचण लसीकावाहिन्यांची. अन्ननलिकेच्या आतल्या थरात त्या उभ्या, लांबवर धावतात, त्यामुळे छातीतल्या गाठीच्या पेशी जवळच्या ग्रंथी ओलांडून थेट गळ्यातल्या किंवा पोटातल्या ग्रंथींमध्ये सापडू शकतात. तेव्हा नुसती नळी काढून भागत नाही. तिच्याभोवतीच्या ग्रंथी, त्यांना धरून असलेली चरबी, सगळं एकत्र उचलून आणावं लागतं.

आणि याच ग्रंथींच्या रांगेतून आवाजाची नस जाते. मेंदूतून निघालेली व्हेगस नस छातीत उतरते आणि तिची एक फांदी उलटी फिरून पुन्हा गळ्याकडे चढते. उजवी फांदी हाताकडे जाणाऱ्या धमनीखालून वळते, डावी महाधमनीच्या कमानीखालून. मग श्वासनलिका आणि अन्ननलिका यांच्यामधल्या खाचेतून ती स्वरयंत्रापर्यंत जाते. इतका वळसा का? गर्भात हृदय सुरुवातीला गळ्याजवळ तयार होतं. ते खाली सरकतं तेव्हा त्याच्या धमन्यांखाली अडकलेली ही नस त्यांच्याबरोबर खाली ओढली जाते. रोग या नसेलगतच्या ग्रंथींमध्ये वारंवार उतरतो, म्हणून त्या सोडून देता येत नाहीत. नस दोरीसारखी ठळक दिसत नाही. ती ताणली तरी दुखावते, उष्णतेनं रक्त थांबवणारं उपकरण तिच्या फार जवळ आलं तरी दुखावते. आणि तिचं काम फक्त बोलण्यापुरतं नाही. घास गिळताना स्वरयंत्र बंद व्हावं, ठसका जोरात यावा, हे तिच्यामुळे घडतं. ती गेली की पाणी आणि थुंकी श्वासमार्गात उतरते, खोकला लुळा पडतो, न्यूमोनिया होतो. ऑपरेशन उत्तम झालेला रुग्ण त्या न्यूमोनियानं दगावू शकतो.

महाधमनी आणि अझायगस यांच्या मधून आणखी एक वाहिनी वर जाते, काही मिलिमीटर जाडीची. तिला थोरॅसिक डक्ट म्हणतात. जेवणातली बहुतेक स्निग्धता आतड्यांतून रक्तात पोचते ती हिच्याच मार्गानं. छातीच्या मध्याच्या थोडं वर ती उजवीकडून डावीकडे ओलांडून जाते आणि गळ्याच्या डाव्या तळाशी शिरेत रिकामी होते. उपाशी माणसात ती जवळपास पारदर्शक असते. ती ओळखता यावी म्हणून काही सर्जन ऑपरेशनपूर्वी रुग्णाला दूध, साय किंवा तेल देतात, म्हणजे ती दुधट दिसते. नकळत फाटली तर छातीत रोज लिटरभर, कधी त्याहून जास्त दुधाळ द्रव साचतो, आणि खाऊनपिऊनही माणूस खंगत जातो.

आता नातेवाइकांच्या त्या प्रश्नाकडे वळता येईल. दुर्बिणीनं यातलं काय बदललं?

जुन्या पद्धतीत बरगड्यांच्या मधून छाती उघडावी लागे. लंडनमध्ये काम केलेल्या आयव्हर लुईस यांनी १९४६ मध्ये पोट आणि उजवी छाती अशा दोन टप्प्यांची पद्धत मांडली. १९७६ मध्ये मॅकीओन यांनी तिला गळ्यातला तिसरा टप्पा जोडला. बरगड्या फाकवल्यानं नंतर प्रत्येक श्वास दुखतो, माणूस खोल श्वास घेत नाही, खोकत नाही, फुप्फुसात कफ साचतो. दुर्बिणीच्या पद्धतीत बरगड्यांच्या मधून काही छोटी छिद्रं पाडून कॅमेरा आणि लांब उपकरणं आत जातात. कुशेरी यांनी स्कॉटलंडमध्ये नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला रुग्णाला पालथं झोपवून हे काम करून दाखवलं. भारतात कोइम्बतूरच्या डॉ. सी. पलानिवेलू यांनी अशा १३० रुग्णांचा अनुभव २००६ मध्ये प्रसिद्ध केला, आणि त्यानंतर ही रीत जगभर गेली. रुग्ण दंडवत घालणाऱ्या वारकऱ्यासारखा पालथा असतो. फुप्फुस स्वतःच्या वजनानं पुढे पडतं, रक्त साचलं तर तेही कामाच्या जागेपासून दूर वाहतं, आणि मणक्यांपुढची ती अरुंद जागा मोकळी दिसू लागते.

फायद्याचा पुरावा आहे. २०१२ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या युरोपातल्या चाचणीत ११५ रुग्ण होते. उघड्या शस्त्रक्रियेनंतर पहिल्या दोन आठवड्यांत २९ टक्के रुग्णांना फुप्फुसाचा संसर्ग झाला, दुर्बिणीनंतर ९ टक्क्यांना. तेव्हा “कमी फाडा” म्हणणारा नातेवाईक भाबडा नाही. त्यानं श्वासाची बाजू घेतली आहे.

पण छिद्रं लहान म्हणून इजा लहान, असं मात्र नाही. आत तीच नळी निघते, त्याच ग्रंथी निघतात, तीच शीर कापली जाते, आणि तीच नस तितक्याच धोक्यात असते. बाहेरची जखम आणि आतली जखम यांचं प्रमाण इथे तुटलेलं आहे. पोटावर चार टाके पाहून “छोटंसंच ऑपरेशन झालं” म्हणणारे शेजारी रुग्णावर अन्यायच करतात. दुर्बिणीची खरी देणगी दुसरी आहे: मोठं दिसणं. अन्ननलिका आणि तिचे शेजारी यांच्यात विरळ, जवळपास रक्तहीन पडदे असतात. गर्भात अवयव एकमेकांवरून सरकत आपापल्या जागी आले तेव्हाच्या या सीमा. सर्जन त्यांना प्लेन म्हणतात. बरोबर प्लेनमध्ये गेलेला हात जवळपास रक्त न सांडता पुढे जातो. चुकीच्या प्लेनमधला हात प्रत्येक पावलाला काही ना काही फाडतो. मोठ्या पडद्यावर हे पडदे ठळक दिसतात, नसेची पांढरी रेघ ओळखू येते. ज्याला ते ओळखता येत नाहीत, त्याच्या हातात तोच कॅमेरा धोक्याचा. ज्ञानेश्वरांचा चालणारा माणूस आठवतो: पायाखाली काय आहे हे न पाहता हळू चालणं म्हणजे अहिंसा नव्हे. म्हणून अहिंसेचं माप जखमेच्या लांबीत नसून, हात पुढे जाण्याआधी पलीकडे काय आहे ते किती ओळखलं, यात आहे, असं म्हणायला हवं. गांधीजींनी हेतूला दिलेली जागा ज्ञानानं घेतली पाहिजे. निदान ज्ञानाला हेतूच्या शेजारी बसवलं पाहिजे.

इथे थांबता आलं असतं तर सोयीचं झालं असतं. पण हे ज्ञान आलं कुठून?

दुसऱ्या शतकात रोममध्ये गॅलेननं लोकांसमोर एक जिवंत डुक्कर बांधलं. ते जिवाच्या आकांतानं ओरडत होतं. गॅलेननं त्याच्या गळ्यातल्या त्या परतीच्या नसा बंद केल्या आणि ओरडणं थांबलं. आवाजाच्या नसेचा शोध असा लागला. बाराव्या शतकात सेव्हिलच्या इब्न झुहर यांनी अन्ननलिकेच्या कॅन्सरचं वर्णन केलं, गिळता न येणाऱ्या रुग्णाला चांदीच्या नळीतून अन्न कसं द्यावं हे लिहिलं. श्वासनलिकेला छेद देऊन माणूस जगू शकतो का हे पाहण्यासाठी त्यांनी एका बोकडावर प्रयोग केला, आणि तो जगवला. भिवंडीतल्या मोमीन-अन्सारी विणकरांना आपल्या परंपरेतलं हे नाव क्वचितच सांगितलं जातं, ते सांगायला हवं. मग २३ जुलै १६२२ रोजी इटलीत गास्पारे ॲसेली यांनी मित्रांच्या आग्रहावरून एका जिवंत कुत्र्याच्या त्याच परतीच्या नसा दाखवल्या, आणि पाठोपाठ पोट उघडलं. कुत्रा नुकताच जेवला होता. आतड्यांच्या पडद्यावर पांढऱ्या रेषा दिसल्या, टोचल्या तर दुधासारखं काही बाहेर आलं. स्निग्धतेच्या त्या वाहिन्यांचा, आणि पुढे थोरॅसिक डक्टचा, धागा तिथे सापडला. एकाच दिवशी, एकाच टेबलावर, भूल न दिलेल्या एकाच प्राण्यात.

ज्ञानेश्वरांचा आक्षेप इथे पुन्हा उभा राहतो, आणि त्याला टाळायला जागा उरत नाही. परळमध्ये आज एखाद्या विणकराची आवाजाची नस वाचते, तिच्यामागे ते डुक्कर आहे आणि तो कुत्रा आहे. एका जिवासाठी दुसऱ्या जिवाचा घात. नंतर भूल आली, नियम आले, प्राण्यांवरच्या प्रयोगांना परवानगी लागू लागली. पण झालेलं न झालेलं होत नाही. यावर “विज्ञानासाठी ते आवश्यकच होतं” असं म्हणून पुढे जाणं धार्मिक माणसाला शोभत नाही, आणि वैज्ञानिकालाही शोभू नये. हे ऋण आहे. ते फिटणारं नसलं तरी त्याची जाणीव हाताला सावध करते. इतक्या किमतीनं मिळालेलं ज्ञान आळसानं न वापरणं ही दुसरी हिंसा होईल.

दुसरा मार्ग मात्र आपल्याच परंपरेत होता. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात मृत शरीराचा अभ्यास कसा करावा ते सांगितलं आहे. विषानं न मेलेल्या, दीर्घ रोगानं न खंगलेल्या, फार वृद्ध नसलेल्या माणसाचं प्रेत घ्यावं. मुंज, कुश, साली यांत गुंडाळून पिंजऱ्यात ठेवावं आणि वाहत्या पाण्यात निवांत जागी बुडवावं. सात रात्रींनी ते बाहेर काढून वाळ्याच्या किंवा बांबूच्या कुंचल्यानं हळूहळू घासत एकेक थर वेगळा करावा आणि प्रत्येक भाग डोळ्यांनी पाहावा. सुरीचं काम जवळजवळ नाहीच. ते पाणी करतं. कोणा जिवंत प्राण्याला त्यात यातना नाही. ज्ञानेश्वरांना ज्यावर आक्षेप घेता आला नसता अशी ही शरीररचनेची शाळा होती. आणि या सूचनांना लागूनच सुश्रुत सांगतो की देहातला अतिसूक्ष्म आत्मा या चर्मचक्षूंना दिसत नाही, तो ज्ञानाच्या आणि तपाच्या डोळ्यांना दिसतो. त्याचा अर्थ देह पाहू नका असा त्यानं केला नाही. आत्मा इथे सापडणार नाही हे ठाऊक असूनही देह थरथरानं पाहा, कारण रोगी याच देहात दुखतो आहे.

पुढे प्रेताला शिवण्याचा विटाळ मोठा झाला आणि ती शाळा बंद पडली. आपल्या धर्मविचारानं स्वतःचं केलेलं हे सर्वांत मोठं नुकसान म्हणावं लागेल. १८३६ मध्ये कलकत्त्यात मधुसूदन गुप्तांनी मृतदेहाचं विच्छेदन केलं तेव्हा ती घटना ठरली, इतका खंड पडला होता. मुंबईत ग्रँट मेडिकल कॉलेज १८४५ मध्ये सुरू झालं आणि १८५१ मध्ये बाहेर पडलेल्या पहिल्या तुकडीत भाऊ दाजी लाड होते.

देहाकडे पाहण्याच्या या दोन ओढी आपल्यात अजूनही भांडतात. एक म्हणते देह म्हणजे विष्ठामूत्राची थैली, त्याचं काय एवढं. दुसरी ओढ तैत्तिरीय उपनिषदातली. भृगू बापाला विचारतो, ब्रह्म काय ते शिकव. वरुण त्याला तप करायला पाठवतो आणि भृगूला पहिल्यांदा कळतं ते हे की अन्न ब्रह्म आहे. मग तो पुढे जातो: प्राण, मन, विज्ञान, आनंद. पण आनंदापाशी पोचल्यावर उपनिषद पुन्हा अन्नाकडेच येतं आणि अन्नाची निंदा करू नये, अन्न टाकू नये, अन्न पुष्कळ करावं, अशी व्रतं सांगतं. पायऱ्या चढून गेल्यावर पहिली पायरी फेकून दिलेली नाही.

ऑपरेशननंतरच्या रुग्णाला हे शास्त्र न वाचताही समजतं. १९१३ मध्ये न्यूयॉर्कमध्ये फ्रांझ टोरेक यांनी छातीतून अन्ननलिका काढण्याचं पहिलं यशस्वी ऑपरेशन केलं, ती ६७ वर्षांची स्त्री पुढे दहा वर्षांहून जास्त जगली. पण तिला नवी नळी जोडता आली नव्हती. गळ्यातल्या छिद्रापासून पोटातल्या छिद्रापर्यंत एक रबराची नळी बाहेरून जायची आणि तिच्यातून ती जेवायची. आज जठर उभं कापून त्याची अरुंद नळी करतात. त्याच्या बहुतेक रक्तवाहिन्या तोडाव्या लागतात आणि मोठ्या वळणाच्या कडेनं जाणाऱ्या एका धमनीवर ते सगळं अवलंबून राहतं. नळीचं वरचं टोक त्या धमनीपासून सर्वांत दूर, आणि जोड नेमका त्या टोकालाच. तिथला रक्तपुरवठा पाहायला हल्ली एक हिरवा चमकणारा रंग शिरेतून देतात. जोड सुटला तर सगळंच पणाला लागतं. टिकला तर माणूस घरी जातो, दिवसातून सहा-सात वेळा थोडं थोडं खातो, जेवल्यावर लगेच आडवा होत नाही, उशाशी उंचवटा घेऊन झोपतो. अन्नाची वाट गेली आणि अन्न साठवणारा अवयवच वाट झाला. पंगतीत पोटभर जेवण त्याला आता जमत नाही, पण ताटात भाकरी परत येते. रुग्णांचे नातेवाईक राहतात त्या दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत हे दृश्य नवं नाही. भुकेल्याला अन्न हा देव मानणाऱ्या बाबांच्या नावाची ती जागा आहे.

राहिला तो ज्ञानाच्या ऋणाचा प्रश्न, आणि त्यात अजून एक नाव घ्यायचं राहिलं आहे. महाराष्ट्रात १९४९ च्या बॉम्बे ॲनाटॉमी ॲक्टनुसार बेवारस मृतदेह वैद्यकीय महाविद्यालयांना अभ्यासासाठी देता येतात. म्हणजे डॉक्टरांच्या पिढ्यानपिढ्या शरीररचना शिकल्या त्या मोठ्या प्रमाणात फुटपाथवर, स्टेशनात, सरकारी वॉर्डात एकट्यानं मेलेल्या माणसांच्या देहांवर. त्यांची संमती कुणी विचारली नव्हती. डुकराला आणि कुत्र्याला विचारता येत नाही. या माणसांना जिवंतपणी विचारता आलं असतं.

स्वेच्छेनं देह देणारे वाढले तर ही उणीव भरून निघू शकते. नारपोलीपासून फार दूर नाही अशा डोंबिवलीत दधीची देहदान मंडळ हे काम बरीच वर्षं करतं आहे. नाव नेमकं निवडलेलं आहे: देवांना शस्त्र हवं होतं म्हणून दधीचीनं आपली हाडं दिली, जिवंतपणी, स्वतःच्या संमतीनं. हिंदू घरांत अडतं ते अंत्यविधीवर. अग्नी दिला नाही तर गती कशी, असं वडीलधारी विचारतात. मुसलमान घरांत देह ही अल्लानं दिलेली ठेव मानली जाते, दफन अखंड आणि लवकर व्हावं असा दंडक आहे, आणि मरणोत्तर देहदानाबद्दल विद्वानांत एकमत नाही. पण एक जीव वाचवणं म्हणजे साऱ्या मानवजातीला वाचवणं, ही कुराणातली शिकवणही त्याच घरांत आदरानं सांगितली जाते. भिवंडीत मराठी, उर्दू आणि तेलुगू बोलणारे विणकर शेजारी राहतात, त्यांची देवळं, मशिदी, देरासरं एकाच गल्लीच्या अंतरावर आहेत. हा वाद तिथल्या कीर्तनात, जुम्म्याच्या भाषणात आणि चातुर्मासाच्या व्याख्यानात उघडपणे व्हायला हवा, आणि तो करताना बोलणाऱ्यांनी शरीररचनेच्या एखाद्या शिक्षकाला शेजारी बसवावं. अनेक महाविद्यालयांत पहिल्या वर्षाचे विद्यार्थी विच्छेदनाआधी मृतदेहाला नमस्कार करून शपथ घेतात. ज्यांनी देह दिला त्यांचे आभार त्या शपथेत असतात. ज्यांचा देह न विचारता घेतला गेला त्यांच्यासाठी तिच्यात वेगळं वाक्य हवं, आणि ते क्षमेचं हवं.